पडवीतले काजवे

सोल्डर वितळल्याचा वास आला की देवरूखकडच्या आमच्या घराची पडवी आठवते. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगची शेवटची तोंडी परीक्षा, आणि माझ्या प्रोजेक्टच्या कन्व्हर्टरवरचा इवलासा बल्ब नुसता थरथरत होता. व्होल्टेज स्थिर झालं नाही, तर आमच्या घरातली पहिली पदवी तिथेच अडकणार होती. तिन्हीसांज झालेली, मागीलदारी पिकल्या फणसाचा दरवळ. "काय शोधतेस गो?" आईने विचारलं. म्हटलं, "व्होल्टेज सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे नेमके आकडे. कॉम्प्युटरात खोटे काजवे सोडलेत. ज्याचे आकडे बरे तो जास्त चमकतो, बाकीचे त्याच्याकडे उडत जातात." आई उठली आणि तिने पडवीतला दिवाच मालवला. "अगो, येवढ्या उजेडात काजवे येतील कशे?" मी हसून लोळायची बाकी होते. तेवढ्यात कॉम्प्युटर थांबला. त्याने काढलेले आकडे मी कंट्रोलरमध्ये भरले. काळोखात बल्ब जरासा थरथरला, आणि मग एकसारखा तेवत राहिला. आई हळूच म्हणाली, "आले वाटतं." आता मिरजोळ्याच्या कारखान्यात मी हेच काम करते. आकडे जुळले की साहेब रिपोर्ट मागतात. मी आधी आईला फोन लावते आणि "आले" एवढंच सांगते.