रविवारी येणारा सण

“दादा, टेम्पो परत न्या. गावात उपास चाललेत, चिकन कोण घेणार?” फिलोमिना आंटी फोनवर म्हणाल्या. नंदाखालला त्यांचं फ्रोझन मालाचं छोटं दुकान आहे. मी जूचंद्रच्या कोल्ड स्टोरेजमध्ये डिस्पॅच बघतो. म्हणजे कुठल्या दुकानाला काय जायचं ते ठरलेलं असतं, आणि चुकलं की शिव्या मी खातो.

आमच्याकडे ऑटो-ऑर्डर आहे. दुकानदाराने मागायचं नाही, गेल्या वर्षी त्या आठवड्यात जे खपलं ते सिस्टीम पाठवते. गेल्या वर्षी तो आठवडा ईस्टरचा होता. यंदा ईस्टर पुढे गेला आणि त्या आठवड्यात त्याआधीचा उपवासकाळ चालू होता. आंटींची बरीच गिऱ्हाइकं तेव्हा मांसाला हात लावत नाहीत.

एक टेम्पो त्यांनी आधीच परत पाठवला होता. दोनदा माल परत आला की दुकान ब्लॉक होतं, म्हणजे माल बंद, आणि ते उघडून घेण्यात ईस्टर निघून जातो. आंटींचा वर्षाचा खरा धंदा तेवढाच. मला त्यांची काळजी वाटली आणि स्वतःची कीवही आली, कारण आता हेड ऑफिसला फोन करायचा होता.

तिथले सर म्हणाले, सगळे सण सिस्टीममध्ये टाकलेत, गणपती, दिवाळी, ईद.

“आणि ईस्टर?”

“तो रविवारी येतो ना, सावंत. सुट्ट्यांची यादी बघून सण टाकलेत, त्यात रविवार नसतात.”

नालासोपाऱ्याचे दुकानदार यादव नेहमी माल कमी पडतो म्हणून भांडायचे. हा टेम्पो घ्याल का, त्यांना विचारलं. कुरकुरत का होईना, हो म्हणाले. माल परत न दाखवता दुकानातून दुकानात ट्रान्सफर दाखवायला सरांची मंजुरी लागते. ती, “या वेळेपुरती” म्हणून, मिळाली. टेम्पो नालासोपाऱ्याला वळवला.

ईस्टरच्या आठवड्यात सिस्टीमने नंदाखालला जवळजवळ काहीच काढलं नाही. गेल्या वर्षी त्या आठवड्यात सण उरकून लोक सुस्त पडले होते. मी हाताने ऑर्डर टाकली. शनिवारी दुपारपर्यंत आंटींचा फ्रीझर रिकामा झाला. “आता झोपते,” एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी मेल आला, माझ्या मॅन्युअल ऑर्डर जास्त होतात, कमी कराव्यात. सिस्टीमने मात्र यंदाची विक्री नीट नोंदवून घेतली आहे. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ती नंदाखालला भरभरून चिकन पाठवेल. ईस्टर तोवर पुन्हा हललेला असेल. मी इथेच असेन.