गवताच्या वखारीतलं थेटर

मामंजींची सगळी उमर मुंबईच्या गिरणीत गेली, साच्यांवर. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका खात्यात असे कितीतरी माग सकाळपासून खडाखडा चालायचे, आणि त्या खडखडाटात मामंजी वर्षानुवर्षं उभे. कामावरून सुटून ते आमच्याकडे बोईसरला राहायला आले, तेव्हा कान निम्मे तिथेच ठेवून आले होते. पार बहिरे म्हणावं तर तसे नव्हते. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. "कुणीतरी काहीतरी बोललं, एवढं कळतं," असं ते म्हणायचे.

पण साचेखात्यातल्या माणसांना एक विद्या असते. तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून ती माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. त्यामुळे समोर उभं राहून कुणी बोललं की मामंजींना सगळं समजे. आमच्या ह्यांचं समजे. घरमालकीण काकीचं समजे. माझंच तेवढं समजत नसे, कारण मी त्यांच्या समोर कधी उभीच राहत नसे. आमच्या सातारकडची रीत अशी, की सुनेने सासऱ्यांशी बोलायचं ते डोईवर पदर घेऊन, दाराआडून. समोर जाऊन तोंड वर करून बोलणं म्हणजे उर्मटपणा. मग माझे ओठ त्यांना दिसायचे कुठून?

म्हणून मी दाराआडून ओरडायची. आवाज माझा मुळातच खणखणीत, माहेरी मळ्यातून गड्यांना हाका मारून कमावलेला. "मामंजी, जेवायला चला." पुढच्या खोलीच्या भिंती कोऱ्या, सामान म्हणावं तर एक खाट नि एक ट्रंक, त्यामुळे आवाज घुमायचा. मामंजी "हो हो" म्हणायचे आणि बसून राहायचे. मी आणखी चढ्या आवाजात ओरडायची. आज आमच्याकडे भात झाला हे सगळ्या आळीला कळायचं, फक्त जेवणाऱ्याला कळायचं नाही.

तेव्हा तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं आणि हे तिथल्या बांधकामावर वायरमन होते. आमच्यासारखी घाटावरची बरीच घरं त्या कामापायी इकडे आली होती. आम्ही बोईसरात काकीच्या घरात भाड्याने राहायचो. काकी इथलीच, एकटी, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. तिच्या घरामागे गवताची वखार होती. इथल्या डोंगरउतारांवर पुरुषभर उंच गवत वाढतं. पावसाळा सरला की ते कापायचं, दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या, असा तो धंदा. काकीचा नवरा गेल्यापासून तो मंदावला होता, तरी वखार निम्मीअर्धी भरलेली असायची.

संक्रांत झाली आणि मामंजी एके दिवशी ह्यांना म्हणाले, "शिमगा झाला की मी गावी जातो. तिकडंच राहीन."

गावी होतं काय? सासूबाई जाऊन वर्षं लोटली होती. घराला कुलूप. शेजारपाजारही पांगलेला. तिथे ह्या माणसाला कोण बघणार, आजारी पडले तर पाणी कोण देणार? हे विचारून विचारून थकले. मामंजींचं एकच उत्तर, "मला इथं करमत नाही." मी तर रोज दाराआडून सांगत होते, जाऊ नका, मामंजी, राहा इथंच. वडील मला लहानपणीच अंतरले. मामंजींनी लग्नानंतर मला एका शब्दाने कधी दुखवलं नव्हतं. मला ते हवे होते, अगदी स्वार्थाने हवे होते.

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की तोंडाने जमलं नाही की हातांना कामाला लावायचे. मामंजींना तरुणपणी सिनेमाचं भारी वेड. पाळी सुटली की खात्यातून थेट थेटरात. कानांनी दगा दिल्यावर ते सुटलं होतं. ह्यांच्या डोक्यात आलं, घरातच थेटर करायचं. बाबांना करमलं की ते जाणार नाहीत. पालघरला एक गृहस्थ होते, पूर्वी जत्रांतून सिनेमे दाखवत फिरायचे. त्यांच्या माळ्यावर त्यांचं जुनं यंत्र खोलून पडलेलं होतं. हे ते पोत्यात भरून घेऊन आले. महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात स्क्रू आणि पळ्या एकाच डब्यात होत्या. मी कावले, पण यंत्र चालू झालं खरं.

आता जागा. काकीने वखार देऊ केली. "नायतरी अर्धी रिकामीच हाय," म्हणाली. आणि इथे आम्ही आमच्या घाटी शहाणपणाने माती खाल्ली. आमच्याकडे चांगली जागा म्हणजे काय, तर गुळगुळीत गिलावा, पांढरा चुना आणि शहाबादी फरशी. पाहुणे यायचे म्हटल्यावर गवताकुसात कसं बसवायचं? आम्ही सगळं गवत काढून मागच्या पडवीत रचलं. ह्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि थापीने घोटघोटून असा गुळगुळीत केला की हात ठरेना. मी चुन्याचे दोन हात दिले. खाली फरशी, वर पत्रे. पडद्यासाठी मांजरपाट शिवलं आणि त्याला कडक खळ घातली, सुरकुती नको म्हणून. काकी येऊन बघून गेली. "झ्याक केलंय," म्हणाली, "आता हितं एकादं लगीन लावा."

पहिल्या खेळाला अर्धी आळी लोटली. मुंबईहून एका जुन्या मराठी बोलपटाचे डबे आणले होते. मामंजींना मधोमध खुर्ची. दिवा गेला, चित्र उमटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्याच थांबेनात. म्हणजे लोक थांबले, पण टाळ्या पत्र्यात आणि भिंतींत फिरतच राहिल्या. पुढचं काय सांगावं. पडद्यावरचा माणूस एक वाक्य बोलायचा, ते भिंतींवर आपटून परत यायचं, तोवर त्याचं दुसरं निघालेलं. दोन्हींचा काला. कान धड असलेल्यांना काही कळेना, तर मामंजींना काय कळणार? ते बिचारे पडद्यावरच्या ओठांकडे बघत होते, पण सिनेमातली माणसं काय तोंड दाखवून बोलतात? पाठ फिरवतात, खिडकीबाहेर बघतात. त्यात मागे यंत्राचा खडखडाट. मध्येच मामंजी उठले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साचेखात्यात बसल्यासारखं वाटतंय रे," आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक पुसून काढली. शिमग्याची वाट बघायलाही ते तयार नाहीत असं दिसलं. मी ह्यांच्यावर उखडले. "हात दाखवून अवलक्षण ते हेच. बरे बसले होते, त्यांना आणखी हिणवल्यासारखं केलंत." ह्यांचा चेहरा इतका उतरला होता की मलाच बोलल्याचं वाईट वाटलं.

त्याच दुपारी मामंजी मागच्या पडवीत बसले होते. आम्ही काढलेलं गवत तिथे दोन्ही अंगांनी आढ्यापर्यंत रचलेलं, मध्ये एक माणूस बसेल एवढी बोळ. मी चहा केला आणि गासड्यांच्या आड उभी राहिले. ओरडायचं त्राण नव्हतं. नेहमीच्या आवाजात, ऐकू जाणारच नाही असं धरून, मी म्हटलं, "मामंजी, चहा झालाय."

"इकडंच आण," मामंजी म्हणाले.

मी कप घेऊन तशीच उभी राहिले. मग आत जाऊन ह्यांना हाताला धरून ओढत आणलं. ह्यांनी गासड्यांमध्ये उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. वखारीत जाऊन वाजवली, तर ती चारी भिंतींना शिवून आली. पुन्हा पडवीत, पुन्हा वखारीत. काकी आपल्या दारातून म्हणाली, "आज काय बजन हाय का तुमच्याकडं?" हे तिथेच मट्कन बसले. "आवाज गवत पीत होतं," म्हणाले, "आणि आपण गवतच बाहेर काढलं."

आता गवत परत आत न्यायचं, पण वाळलं गवत आणि तापणारा दिवा एका खोलीत? विस्तवाशी खेळ नको, हे कामावर त्यांना घोकवून घोकवून शिकवलेलं. मग ह्यांनी तोड काढली. रिकाम्या गोण्या तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या. गवतही त्याच पाण्यातून काढून चांगलं वाळवून त्यात भरायचं. लवकर पेट घेत नाही. गोण्यांच्या चपट्या गाद्या करून फळ्यांच्या चौकटीत ठोकायच्या आणि भिंतीला चिकटवून नव्हे, चार बोटं जागा सोडून टांगायच्या. यंत्र खोलीबाहेर न्यायचं, भिंतीला भोक पाडून त्यात काच बसवायची, म्हणजे उजेड आत आणि खडखडाट बाहेर. खोलीत विडी ओढायला सक्त बंदी.

दाभण घेऊन मी आणि काकी बसलो. गवताचं कूस केसांत, पदरात, पोळीच्या पिठात. अंगाला खाज सुटून जीव नकोसा झाला. काकी शिवता शिवता ह्यांना शिव्या घालायची, आणि एखादी गादी जरा पातळ झाली की स्वतःच उसवून पुन्हा भरायची. मामंजी एक दिवस येऊन बसले आणि त्यांनीही दाभण उचललं. ह्यांनी समोर बसून त्यांना सांगितलं, "थेटर नीट करतोय, बाबा." मामंजी म्हणाले, "माझ्यासाठी नको रे आटापिटा. मी तर निघालोच." पण हात चालू ठेवला. त्यांची शिवण आमच्यापेक्षा सरळ होती.

पत्र्याखाली गोण्या ताणल्या. फरशीवर सतरंज्या आल्या, माझी हौसेची फरशी दिसेनाशी झाली. हे टाळ्या वाजवत कोपऱ्याकोपऱ्यात फिरायचे. सगळ्या भिंती झाकल्या तर आवाज अगदीच मलूल झाला, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. मग मागच्या भिंतीवरच्या काही गाद्या काढल्या, तेव्हा तो माणसात आला. आवाजाचा कर्णा पडद्यामागे होता, आणि माझी ती कडक खळ आवाजाला अडवत होती. पडदा धुऊन खळ काढून टाकली. सुरकुत्या पडल्या, पडू देत.

ह्यांनी हातापाया पडून मामंजींना शिमग्यापर्यंत थांबवलं होतं. शिमगा झाला, आणि त्यांनी जाण्याचा जो दिवस धरला, त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारी दारं लावून घेतली. या वेळी आळी नाही, काकीसुद्धा म्हणाली, "तुमी घरातलीच बसा." मामंजी पुढे खुर्चीत, मी मागे दाराशी सतरंजीवर, डोईवर पदर घेऊन. हे बाहेर यंत्रापाशी. सिनेमा तोच लावला होता.

बऱ्याच वेळाने एक प्रसंग आला. घरातला गडी मालकाकडे पाठ करून भांडी घासतोय आणि पाठमोराच त्याला शब्दांचा एक टोला हाणतो. मामंजी मोठ्याने हसले. मला वाटलं, आधीचं काही आठवून हसले असतील. पण ते मान हलवत तेच वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणाले, शब्दन्‌शब्द. त्या गड्याचं तोंड तर आम्हाला दिसतही नव्हतं. पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही, मामंजींच्या मानेकडे बघत राहिले.

चित्र संपलं. हे बाहेर रीळ गुंडाळत होते. खोलीत अंधारच होता आणि इतकी शांतता, की माझ्याच बांगड्या मला मोठ्या वाटल्या. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी जागची उठले नाही, आवाजही चढवला नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "गावी जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला घर खायला उठेल."

ते वळले नाहीत. वळायची गरज नव्हती.

"हे आधी का नाही बोललीस, पोरी?"

"रोज बोलत होते. दाराआडून रोज सांगत होते, राहा म्हणून."

मामंजी म्हणाले, "शब्द येत नव्हता गं मला. आवाज तेवढा यायचा. रोज दाराआडून चढलेला आवाज. मला वाटलं, सुनेला माझा वीट आलाय आणि ती रोज मला जा म्हणतेय. म्हणून तर निघालो होतो."

मला हुंदका आला. ओरडून माया सांगता येत नाही, हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मला कळलं नव्हतं. पदर डोळ्यांना लावून मी तशीच बसून राहिले.

"परत एकदा म्हण," मामंजी म्हणाले.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं," ते म्हणाले. "म्हणूनच."