पक्ष, साध्य, सिद्धता

खिडकीवर कागद चिकटवायची खळ यांनी माझ्याच स्टोव्हवर शिजवली. मी धुणं वाळत घालून आत आले, तर हे मैदा ढवळत उभे. काय करताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रस्त्याकडची खिडकी बंद करून राह्यलो. सारखा पाहते तो."

गोंडपिपरीला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. भेंडीसुद्धा सारख्या लांबीची चिरली जावी असं वाटणारा हा माणूस. शाळेत यांच्या तासाला मुलं घाबरायची नाहीत, पण दंगाही करायची नाहीत. समोरच्या पानठेल्यावर रोज सायकल लावून उभा राहणारा माणूस आपल्यावर पाळत ठेवायला नेमलेला आहे, असं यांच्या मनात कधी शिरलं, ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पक्कं झालेलं होतं.

जेवताना हे मला समजावून सांगत. फळ्यावर प्रमेय मांडावं तसं. पक्ष असा, की तो रोज येतो. मी घरी असतो तेव्हाच येतो. मी पाहिलं की मान फिरवतो. म्हणून साध्य असं. सांगताना आवाज चढलेला नसायचा. मला तर एकदोनदा वाटलं, खरंच तर नसेल?

शेवटी मी स्वतः पानठेल्यावर गेले. तो माणूस वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकीदार निघाला. ठेलेवाला हसला. "बाई, त्याले सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घोटून लागते. वेळ लागते त्याले, म्हणून उभा राह्यते." मी उड्या मारतच घरी आले. यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाह्य, तयारी किती पक्की आहे," हे म्हणाले. "कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं."

त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. मी आणलेला प्रत्येक पुरावा यांच्याच बाजूला जाऊन बसायचा.

त्याच हिवाळ्यात मुंडकं कापणाऱ्यांची बातमी पसरली. नदीवर कुठेतरी पूल होतो आहे, त्याच्या पायात लेकराचं मुंडकं घातल्याशिवाय खांब टिकत नाही, आणि त्यासाठी बाहेरची माणसं फिरत आहेत. शाळेत हजेरी अर्ध्यावर आली. शेजारच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या चाचीनं नातीला अंगणातसुद्धा सोडणं बंद केलं. "झूठ असेल बेटी," ती मला म्हणाली, "पण आपल्या लेकराचा सवाल आहे." मी बी.ए. झालेली. तरी मीही मुलीला कडी लावून घरात ठेवायची. हे मात्र हसले. "मुंडकं टाकून सिमेंट पकडते का?"

बाजाराच्या दिवशी मी मुलीला चाचीकडे ठेवून भाजीला गेले, तर बसस्टँडजवळ गर्दी. मधोमध एक चादरी विकणारा परमुलखातला माणूस. दर हिवाळ्यात असे दोन-चार जण यायचे. त्याचं गाठोडं सोडून चादरी मातीत फेकलेल्या, सदरा फाटलेला, ओठातून रक्त. तो हात जोडून हिंदीत काहीतरी सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. कुणाच्या तरी हातात लाकूड होतं.

तेवढ्यात हे शाळेतून येताना दिसले. मला वाटलं, बाजूनं निघून जातील. गर्दीची तर यांना आता धास्तीच होती. पण हे सरळ आत घुसले आणि त्या माणसाच्या पुढे उभे राहिले.

"कोणाचं पोरगं हरपलं? त्यांनी हात वर करा."

वर्गातला आवाज. गर्दीत निम्मे यांचेच जुने विद्यार्थी. एकही हात वर गेला नाही.

"आपल्या इथलं नाई सर, नदीपलीकडचं."

"कोणत्या गावचं?"

"ते नाई माहीत. आयकलं."

"कोणाजवळून?"

त्यानं शेजारच्याकडे बोट दाखवलं. शेजारच्यानं मागच्याकडे. मागचा म्हणाला, सगळेच म्हणून राह्यले. "सगळे म्हणजे कोण?" हे विचारत राहिले. चिडले नाहीत, घाईही केली नाही. बघता बघता लाकूडवाला मागे सरकला. दोघंजण खाली वाकून चादरी झटकायला लागले. यांनी त्या माणसाला गाठोडं बांधू दिलं, चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं आणि बस हलेपर्यंत दारापाशी उभे राहिले.

घरी येताना मला रडू येत होतं. वाटलं, माझा माणूस परत आला. मी म्हटलं, "तुम्ही होते म्हणून तो वाचला."

हे थोडं चालले, मग हळू आवाजात म्हणाले, "तो त्यांचाच होता. माह्यावर नजर ठेवायलेच पाठवला होता."

मी थांबलेच. "मग वाचवलं काऊन?"

"पोरं चोरणारा नव्हता ना तो. जे केलं नाई, त्यासाठी कसं मारू द्यायचं?"

त्यानंतर मी यांना वेडसर समजणं सोडून दिलं. डोकं चालत होतं, न्यायही कळत होता, फक्त एका जागी काहीतरी अडकलं होतं. मी पाळतीचा विषयच काढला नाही. नुसतं म्हटलं, "तुम्ही किती महिने नीट झोपले नाई. झोपेसाठी तरी डॉक्टरला दाखवू." झोपेसाठी हे तयार झाले. नागपूरला मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. तिथे हे आपणहून सगळं बोलले, पक्ष, साध्य, सगळं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

गोळ्यांनी हात थरथरायचे, खडू धरता यायचा नाही. रजा काढावी लागली. मग हळूहळू झोप लागायला लागली. खिडकीवरचे कागद यांनीच एका रविवारी ओल्या फडक्यानं काढले. मी फडकं धुऊन वाळत घातलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मुलगी कॉलेजात असताना, मी एकदा विचारायचं धाडस केलं. "तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटायचं?"

"वाटायचं नाई," हे म्हणाले. "दिसायचं. आता तू दिसून राह्यली ना समोर, तसं."

मला तेव्हा आमच्या गल्लीतली, हट्टानं काहीबाही मानणारी कितीतरी माणसं आठवली. ज्यांच्याशी मी तावातावानं भांडले होते, तीसुद्धा.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यांनी मला न सांगता गोळ्या बंद केल्या होत्या. एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"चल, नागपूरले जाऊ," हे म्हणाले. "दोन-तीन दिवसांपासून सारं फारच बरोबर जुळून राह्यलं."

मी गॅस बंद केला आणि पिशवी भरायला घेतली.