न वाचता दिलेला होकार

मी तो कोड वाचला नव्हता. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

तेव्हा मी हिंजवडीत नोकरीला होतो. कंपनीची बस कोंडीत अडकली की मांडीवर लॅपटॉप उघडून दुसरंच काम करायचो. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणणारा एक ओपन सोर्स प्रोग्राम आम्ही चार-पाच जण सांभाळत होतो. कुणीही फुकट घ्यावा, आत काय आहे ते उघडून पाहावं. छापखाने, वाचनालयं तो वापरायची. तो मुळात लिहिला होता कॉलेजात मला गणित शिकवलेल्या बाईंनी, निवृत्तीनंतर, नारायण पेठेतल्या घरी बसून.

आमचा नियम एकच. कुणीही बदल केला, की दुसऱ्याने तो ओळ न् ओळ वाचून खाली होकार द्यायचा, मगच तो प्रोग्राममध्ये जायचा. इतरांचे बदल मी कसून वाचायचो. बाईंचे कधीच नाही. ज्यांनी आपल्या पेपरांवर लाल रेघा ओढल्या, त्यांचं आपण काय तपासायचं? होकार लिहायचो आणि पुढे जायचो. याला मी आदर समजत होतो.

मग एका अनोळखी माणसाने खासगीत कळवलं: मुद्दाम वेडंवाकडं नाव दिलेली फाइल घातली, तर प्रोग्राम संगणकावरची भलतीच फाइल पुसून टाकतो. बदल बाईंचा, होकार माझा. सुदैवाने कुणाचं काही गेलं नव्हतं. बाईंनी लगेच दुरुस्ती केली आणि सगळ्यांना दिसेल अशी आपल्या चुकीची कबुली स्वतःच्या नावाने लिहिली. तिच्याखाली आमच्यातल्याच एकाने शेरा मारला, "चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, ही विनंती." मी तो वाचून पान बंद केलं.

त्या शनिवारी बाईंकडे गेलो. त्या मटार सोलत होत्या.

"तू नीट वाचलं होतंस ना रे?"

"हो, बाई."

"म्हणजे तुझ्यासारख्यालाही दिसलं नाही. माझं लिहिणंच किचकट झालंय आता."

किचकट काही नव्हतं. आदल्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ती चूक मला समोरच दिसली होती.

होकार मिळालेला बदल आत घेण्याचा शेवटचा अधिकार तोवर बाईंकडे होता; तो त्यांनी पुढच्याच आठवड्यात सोडला आणि माझ्याकडे दिला. सोडताना नवा नियम घातला: होकार देणाऱ्याने त्या बदलाबद्दल निदान एक प्रश्न विचारलाच पाहिजे. "माझे बदलही त्यातून सुटणार नाहीत," म्हणाल्या.

तेव्हापासून काम छान चाललं आहे. बाई अजून कोड लिहितात, दर शनिवारी त्यांच्याकडे बसून मी तो वाचतो, प्रश्न विचारतो. "हे तुला कॉलेजातही कळलं नव्हतं," असं उत्तर येतं. कधी त्यांची चूक सापडते, तेव्हा त्या खूश होतात. नवी मुलं आमचा नियम आपापल्या प्रोजेक्टात नेतात, आणि काळजीपूर्वक वाचणारा म्हणून माझं नाव घेतात. शनिवार मला आवडतात.

अधिकार मात्र बाईंनी परत घेतलेला नाही. मी दोनदा विचारलं. "नको रे, माझा माझ्यावर भरवसा नाही," म्हणाल्या.

तो भरवसा माझ्या खोट्याने गेला. मी वाचलंच नव्हतं, हे मला बाईंना समोर बसून सांगायचं आहे, आणि त्यांच्या त्या कबुलीखाली माझ्या नावाने लिहायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.