किसनदादाची घंटा

त्या दिवशी मारुतीपुढे हात जोडले तेव्हा माझ्या तोंडी प्रार्थना नव्हती, शिवी होती. हे आधीच सांगतो, नाहीतर कोणी मला भाविक समजायचं. मी मोताळ्याच्या बाजारात पत्रकं वाटणारा माणूस. नवं राज्य आलं, दवाखाने निघाले, आता दुखणेकऱ्याला देवाच्या दारात टाकू नका, असं मीच छापत होतो.

माझा थोरला भाऊ किसनदादा अंगाने वाढला, समजुतीने लहान लेकराएवढाच राहिला. बोलणं दोन-चार शब्दांचं. गावाने त्याला 'देवाचा माणूस' ठरवून एक मान दिलेला, मारुतीच्या आरतीची घंटा तोच वाजवायचा. एके दिवशी पहिला टोल पडताच तो किंचाळला आणि डोकं धरून पळाला. पुढे रोजच. शिवाय देवळाच्या खांबावर डोकं आपटू लागला. पुजाऱ्याने निकाल दिला, "देवाची घंटा ज्याले सोसत नाही, तो किसन नोहे. आत दुसरं कोणी हाये." शनिवारपर्यंत उपाशी ठेवून त्याला खांबाला बांधायचं ठरलं. कालपर्यंत देवाचा, आज भुताचा! माणसांचा तो कधी नव्हताच. मायनेसुद्धा रडत रडत दोर काढून दिला. तेव्हा मी मारुतीला म्हणालो, तुझ्याच घंटेनं त्याला बांधलंय, आता तूच सोडव. आणि भांडून दादाला बैलगाडीत घातलं.

दवाखान्यात वेगळं काय होतं? डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, मतिमंद आहे, डोकं आपटणं त्याच्या रोगातलंच, वेड्यांच्या इस्पितळात न्या. घंटा ऐकली की असं होतं, एकदा तपासा तरी, म्हणून मी हटून बसलो. ते कानात पाहायची नळी घेऊन आले. दादाने घाबरून त्यांचा हात झटकला. "पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले, जणू पैज जिंकली. पुजाऱ्याला भूत दिसलं, यांना वेड दिसलं. दुखणारा माणूस दोघांनाही दिसला नाही. माझ्या जिभेवर सबंध भाषण तयार होतं. केलं असतं तर रांगेने टाळ्या वाजवल्या असत्या आणि दादा बाहेर गेला असता.

तेवढ्यात रांगेत खोकत बसलेली एक अनोळखी बाई उठली, दादासमोर खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "डाक्तरसाहेब, पह्यले माह्या कानात पाहा."

"तुम्हाला तर खोकला आहे ना?"

"हाव. पण कान बी हायेत ना मले."

रांग हसली. डॉक्टर वरमले आणि पाहू लागले. बाई गुदगुल्या झाल्यासारखी हसली, मग दुसरा कान पुढे केला. दादा टक लावून बघत होता. मग त्याने आपणहून डोकं तिच्या मांडीवर टेकवलं आणि कान वर केला. डॉक्टरांनी पाहिलं, आत पिकलेलं गळू होतं. घंटेचा प्रत्येक टोल त्याच्यावर घणासारखा पडत होता, आणि त्याला सांगायला शब्द नव्हता.

तुम्हाला हे कसं सुचलं, मी विचारलं. ती म्हणाली, "माह्या घरी बी असा एक होता. त्याले कोनीच पाह्यलं नाही." मग ती रांगेच्या शेवटी जाऊन बसली, कारण तिचा नंबर निघून गेला होता.

दादाचा कान वाहून मोकळा झाला. पुजारी म्हणतो, भूत पळालं. मी म्हणतो, हो, पू होऊन पळालं. पण मारुतीपुढे उभा राहिलो की कबूल करावं लागतं, मी मागितलं होतं आणि ती बाई उठली होती. माझ्या भाषणाने काही झालं नसतं. त्या वेळी गप्प राहायची बुद्धी झाली, तीही माझी नव्हे. मी हात जोडतो, आता शिवी न देता. राग मात्र गेलेला नाही. तिच्या घरातल्यासाठी कोण उठलं होतं? देवाने प्रत्येक रांगेत एकेक बाई कुठवर बसवायची? दवाखाना आपण कशाला बांधलाय?

दादा पुन्हा घंटा वाजवतो. आरती संपली की माझ्याजवळ येतो, मान कलती करतो आणि कान पुढे करतो. आत काही नसतं. तरी मी रोज वाकून पाहतो.