मागच्या दाराने

नव्या रबराचा वास आला की अजूनही अमेरिकेतल्या डब्लिनजवळच्या, आरव्ही म्हणजे फिरती घरं विकणाऱ्या त्या विक्रेत्याच्या आवारातली दुपार आठवते. गाडीमागे जोडून न्यायचा आमचा जुना ट्रेलर आम्ही दोघं आणि दोन मुलं अशा चौघांना पुरायचा, पण सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आणि पाच जणांसाठी मोठा शोधणं भाग पडलं. नवऱ्याला टॉय हॉलरच हवा होता, म्हणजे मागे मोटरसायकली ठेवायला गॅरेज असलेला. सासूबाई व्हीलचेअरवर होत्या आणि प्रत्येक ट्रेलरच्या दाराला उंच, अरुंद पायऱ्या. नवरा त्यांना उचलून आत न्यायचा, पुन्हा खाली आणायचा. पाचव्या ट्रेलरपर्यंत तो घामाने निथळला होता, उन्हाने माझं डोकं ठणकत होतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही जा रे कॅम्पिंगला. मी राहीन घरी, टीव्ही आहे की." मी इतकी दमले होते की "बरं" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलगी पलीकडून ओरडली, "आजी, यू कॅन गो इन फ्रॉम द बॅक!" एका ट्रेलरची मागची भिंत मोटरसायकली चढवण्यासाठी उतरती करून जमिनीला टेकवून ठेवली होती. नवऱ्याने खुर्ची ढकलली आणि ती सरळ आत गेली. गॅरेजच्या रबरी जमिनीवर सासूबाईंनी स्वतःच चाकं फिरवली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "माझा पलंग इथे लावा, मोटरसायकली राहू देत घरी." नवरा तिथेच फतकल मारून बसला. पुढचे चार उन्हाळे त्या आमच्याबरोबर हिंडल्या. आता त्या नाहीत, आणि त्या दुपारी मी काय म्हणणार होते, ते नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.