गुरुवारच्या सामन्यापर्यंत

मंगळवारी सकाळी वडील गेले. गुरुवारी बहिणीचा सामना होता.

ती परदेशात होती. चार देशांच्या महिला फुटबॉल संघांची निमंत्रित स्पर्धा होती आणि आपल्या संघात ती राखीव खेळाडू होती. गुरुवारी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होती. यवतमाळच्या मैदानावर वडिलांनी तिला नऊ वर्षं स्कूटरवरून नेलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. तिथून आणलेल्या नियमपुस्तिकेतून ते फुटबॉल शिकले. ऑफिसची बॅग काखेत धरून ते रेषेबाहेर उभे राहत आणि ओरडत, "मागं पाह्य, मागं!"

आई म्हणाली, "सांगा लागन तिले. तिचा बाप गेला."

मी म्हणालो, सांगितलं तरी ती अंत्यविधीला पोचणार नाही. बाप तर गेलाच, सामनाही जाईल. काकांना ते पटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काही टाकू नका, असं त्यांनी नातेवाइकांना बजावलं. आईने हातातला फोन खाली ठेवला.

गुरुवारी दुपारी वडिलांच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. अग्नी देण्याआधी माझं मुंडन झालं होतं. मी कॅमेरा बंद ठेवून फोन घेतला.

"दादा, तू काहून उचलला? बाबा काय करून राह्यले?"

"झोपलेत. सर्दी झाली आहे. गोळी घेतली."

"माह्या मॅचच्या दिवशी? नाटकं करून राह्यले ते. उठव त्याईले. पहिल्या अकरात आहो म्हणा."

"सांगतो."

"अन् तुह्या कॅमेऱ्याले काय झालं?"

"नेट नीट नाही."

"आपल्या घरी कधीच काही नीट नसते," ती हसली आणि फोन ठेवला.

ती पूर्ण नव्वद मिनिटं खेळली. सामना बरोबरीत सुटला. स्पर्धा संपेपर्यंत मी आणखी तीनदा खोटं बोललो.

नागपूरच्या विमानतळावर ती बॅग ढकलत बाहेर आली. माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

"कोण?"

"बाबा."

"कधी?"

"मंगळवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले. गुरुवारपर्यंत आली आणि हात खाली घेतला. गाडीने वर्धा ओलांडलं. मग तिने विचारलं, "मले सांगायचं नाही, हे कोनं ठरवलं?"

मी म्हणालो, "बाबाच म्हणाले. खेळू दे तिले, म्हणाले."

वडील असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी पाणी मागितलं होतं. मी पेला घेऊन आलो तेव्हा ते गेले होते.

त्या एका वाक्याने मी स्वतःला वाचवलं. पुढे वर्षभर ती घरी आली की वडिलांच्या फोटोसमोर उभी राहत नसे. त्यांचं नाव निघालं की उठून जाई. मी ते पाहत होतो. रोज खरं सांगायचं ठरवत होतो आणि रोज गप्प राहत होतो.

वर्षश्राद्धाला आईने तिला नैवेद्याचं ताट देऊ केलं. तिने हात पुढे केला नाही.

"त्याईले मॅच पाह्यजे होती, मी नाही," ती म्हणाली. "मंग मी कायले वाढू?"

तेव्हा मी सांगितलं. काकांसमोर, भटजींसमोर. वडील काहीच म्हणाले नव्हते, हे माझंच होतं, असं सांगितलं.

आईने ताट खाली ठेवलं. बहीण माझ्याकडे वळली.

"वर्षभर मी बाबावर रागावून होती, दादा," ती म्हणाली. "तू आपले पुस्तकंच वाच. माणसाईचं नको ठरवू."

मग तिने ताट उचललं, फोटोसमोर ठेवलं आणि तिथेच बसून रडली. मी जवळ गेलो तर हाताने दूर केलं.

ती अजून खेळते. दर रविवारी आईला तिचा फोन येतो. मला येत नाही.